बर्फ पडतो तेव्हा कॉलेजला सुट्टी! एनआयटी श्रीनगर निवडण्याआधी हे वाचा

जेईई मेनचा निकाल लागला की घराघरात मोबाइलवर कॉलेजं शोधणं सुरू होतं. श्रीनगरच्या एनआयटीचं नाव टाकलं की फोटो येतात ते दल सरोवराचे आणि मागच्या पांढऱ्याशुभ्र डोंगरांचे. देशातलं सगळ्यात नावाजलेलं स्कीइंगचं ठिकाण, गुलमर्ग, तिथून साधारण ५० किलोमीटरवर. पोरगं म्हणतं, इथंच जायचं. घरचे म्हणतात, एवढ्या लांब कशाला? दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

हे कॉलेज काही नवं नाही. १९६० मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालं, २००३ मध्ये एनआयटी झालं. हजरतबलला, दल सरोवराच्या काठावर कॅम्पस आहे. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर, केमिकल, मेटलर्जी अशा शाखा आहेत.

महाराष्ट्राच्या मुलांना जागा मिळते का?

मिळते. प्रत्येक एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना असतात. महाराष्ट्रातल्या मुलांचं घरचं एनआयटी म्हणजे नागपूरचं व्हीएनआयटी. श्रीनगरला ती ‘इतर राज्य’ कोट्यात मोजली जातात. इथे बरेच पालक फसतात. घरचं राज्य डोमिसाइलवरून नाही, तर बारावी कुठून पास झाली त्यावरून ठरतं. मुलगा कोट्याच्या शाळेतून बारावी झाला असेल, तर त्याचं राज्य राजस्थान धरलं जातं आणि नागपूरचा कोटा हातचा जातो. मागच्या वर्षी कुठल्या शाखेची जागा किती रँकवर बंद झाली, ते जोसाच्या वेबसाइटवर फुकट पाहता येतं. त्यासाठी एजंटला पैसे मोजायची गरज नाही.

फीचं म्हणाल तर एनआयटीची ट्यूशन फी खुल्या प्रवर्गाला वर्षाला १ लाख २५ हजार. एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल तरी पूर्ण माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ. तेव्हा तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. हॉस्टेल, मेस आणि गरम कपड्यांचा खर्च वेगळा.

आता बर्फाचं

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याची थंडी असते, तिला ‘चिल्लई कलां’ म्हणतात. नेमकं याच काळात कॉलेजला मोठी हिवाळी सुट्टी लागते, ती फेब्रुवारीपर्यंत चालते. नक्की तारखा त्या-त्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये पाहाव्यात. म्हणजे गुलमर्गला स्कीइंगचा हंगाम भरात असतो तेव्हा महाराष्ट्रातली मुलं गावी आईच्या हातची भाकरी खात असतात! परत आल्यावर हाती उरतो तो मार्चचा काळ, आणि त्यातले शनिवार-रविवार.

खरंच शिकायचं असेल तर सुट्टीचे काही दिवस त्यासाठी राखावे लागतील. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, तिथे नवशिक्यांचे कोर्स चालतात. स्की भाड्यानेही मिळतात. जाताना तंगमर्गच्या पुढचा १३ किलोमीटरचा घाट बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच खुला असतो.

बर्फाचाही भरवसा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदानं कोरडी होती. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. आणि पडला तर धोकाही असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळून पोलंडचे दोन स्कीअर गेले, पुढच्याच फेब्रुवारीत रशियाचा एक. नवशिक्यानं गंडोलाने वर जाऊन मनाला येईल तिथून उतरायचं धाडस करू नये. खालचे सौम्य उतार शिकायला पुरेसे आहेत.

रोजच्या जगण्यातली एक गोष्ट जाण्याआधीच माहीत हवी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. पहिल्या दिवशी मुलाचा फोन लागला नाही की घरी जीव टांगणीला लागतो, कारण एवढंच असतं. प्रवास मात्र सोपा झालाय. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू, पुढे कटरा, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत, साधारण तीन तासांत. पूर्वी दरड कोसळून हायवे बंद पडला की मुलं दिवसेंदिवस अडकायची.

डोंगरातलंच कॉलेज हवं तर आयआयटी मंडीही आहे. पण त्याला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते, आणि मनालीजवळचं सोलंग तिथून सुमारे शंभर किलोमीटर पडतं.

स्कीसाठी आवडीची शाखा सोडू नका. चार वर्षांत स्कीचे दिवस बोटांवर मोजण्याइतके येतील, लेक्चर मात्र रोज असेल. दोन कॉलेजांत हवी ती शाखा मिळत असेल, तर मग डोंगराकडे बघून ठरवायला काहीच हरकत नाही. चॉईस लॉक करण्याआधी यादीचा क्रम घरच्यांसोबत बसून पुन्हा एकदा वाचा. जोसामध्ये वरचा पर्याय मिळाला की त्याखालचे सगळे आपोआप बाद होतात.