छोटंसं परसदार, सगळ्या घराचं

तुमच्या घराच्या मागच्या बाजूला सध्या काय आहे? तुटकी बादली, रिकामे रंगाचे डबे, गंजलेली सायकल आणि कपडे वाळत घालायची दोरी? कोलकात्यातल्या जुन्या घरांमागे दहा-बारा फुटांची अशी जागा अजूनही सापडते. थोडी मेहनत घेतली, तर तिथेच आजीची खुर्ची, मुलांचा खेळ आणि तुमचा संध्याकाळचा चहा रंगू शकतो.

आधी पाणी, मग झाडं

हौसेने लगेच नर्सरी गाठू नका. एका पावसानंतर परसदारात जा आणि पाणी कुठे साचतं ते पाहा. कोलकात्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस पडतो, जमीन सपाट आणि माती चिकण. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशी कुंड्यांखालच्या ताटल्या, बादल्या रिकाम्या करून घासायच्या. हे काम मुलांना द्या, ती आवडीने करतात. पाणी साठू दिलं तर महापालिका घरमालकाला नोटीसही देते.

जमीन पूर्ण सिमेंटने झाकू नका. वाळूच्या थरावर विटा बसवा, फटींतून पाणी मुरतं. भिंतीपासून गटाराकडे दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार ठेवा.

ऊन मोजा

सकाळी, दुपारी आणि चार वाजता ऊन कुठे पडतं ते दोन-तीन दिवस टिपून ठेवा. पाच-सहा तास ऊन मिळणारा कोपरा जास्वंद, मोगरा आणि गंधराज लिंबासाठी. या लिंबाची एक फोड वरणभातावर पिळली की घरभर वास दरवळतो. मोठ्या कुंडीतही ते छान वाढतं. सावलीत अळू, फर्न, मनीप्लांट लावा. जागा अपुरी असेल तर भिंतीला जाळी ठोकून गोकर्णीचा वेल चढवा. जमिनीत एकच झाड लावता येणार असेल, तर पारिजातक निवडा. बंगालीत त्याला शिउली म्हणतात. दुर्गापूजेच्या सुमारास सकाळी अंगणात फुलांचा सडा पडतो.

घरात लहान मुलं असतील, तर कण्हेर आणि डिफेनबेकिया टाळा, दोन्ही विषारी आहेत.

रोपं कुठून आणाल?

उत्तर कोलकात्यात बागबाजारजवळ गॅलिफ स्ट्रीटला दर रविवारी सकाळी भरणाऱ्या बाजारात रोपं मिळतात. अलिपूरला अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बागही एकदा जरूर पाहा. ही संस्था 1820 मध्ये विल्यम केरी यांनी स्थापन केली. याच केरींनी 1805 मध्ये श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे कोलकात्यातल्या बागकामाशी आपल्या भाषेचंही जुनं नातं आहे!

प्रत्येकाचा एक कोपरा

परसदार नटवायचं एकट्याने ठरवलं की ते दोन महिन्यांत पुन्हा अडगळीचं होतं. म्हणून जागेची वाटणी करा. आजीला दाराजवळ तुळस आणि टेकायला पाठ असलेली खुर्ची. वाट सपाट हवी, शेवाळ वेळच्या वेळी घासा, कारण पावसाळ्यात म्हातारी माणसं तिथेच घसरतात. मुलांना मेथी-कोथिंबिरीसाठी एक जुनं टब, तळाला भोकं पाडून. आठवड्याभरात मेथीचे कोंब दिसले की ती रोज डोकावतील. बाबांकडे भाजीच्या सालींचं खत. तुम्ही मात्र फक्त बसा!

या रविवारी एवढंच करा: अडगळ बाहेर काढा आणि एक खुर्ची मांडा. बाकीचं हळूहळू होईल.