संगणक हँग का होतो?

मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षकांसाठी प्रयोगांची कार्यशाळा घेत असताना मुख्याध्यापकांनी आम्हाला संगणकाची खोली दाखवली. वर पत्रे, खिडकीबाहेर धुळीचे मैदान, आत आठ जुने डेस्कटॉप. "सगळे हँग होतात. भंगारात काढायचेत," ते म्हणाले. बदली नवे मिळण्याची चिन्हे नव्हती. म्हणजे मुलांचा संगणकाचा तास बंदच.

पहिली चूक आमचीच झाली. सर्वांत जास्त त्रास देणाऱ्या यंत्रावर आम्ही विंडोज नव्याने टाकली. त्यात अर्धा दिवस गेला आणि दुसऱ्या दुपारी ते पुन्हा हँग झाले. निरीक्षणाआधी निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही नेहमी टोकतो. इथे आम्हीही तेच केले होते!

मग एक वही घातली. यंत्र केव्हा सुरू केले, केव्हा अडले, तेव्हा कोणते काम चालू होते, खोलीचे तापमान किती, पेटीवरचा हार्ड डिस्कचा दिवा कसा लुकलुकतो, हे गावातल्या दहावीच्या दोन मुली लिहू लागल्या. तीन दिवसांत यंत्रांचे गट आपोआप वेगळे झाले.

चार यंत्रे सकाळी ठीक चालत. दुपारी मात्र वीस मिनिटांत आधी मंद होत, मग थिजत. हे उष्णतेचे लक्षण. अशा जुन्या डेस्कटॉपमधला प्रोसेसर पूर्ण भार असताना सुमारे 65 वॅट उष्णता टाकू शकतो. ती बाहेर काढण्यासाठी त्यावर पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीट सिंक, आणि पंखा असतो. पण ही व्यवस्था प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानाहून तो किती वर जाईल एवढेच ती ठरवते. समजा हा फरक 35 अंश आहे. डिसेंबरात 25 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 60 अंशांवर राहील, तर मेमध्ये 42 अंशांच्या खोलीत 77 वर जाईल. त्यात पात्यांमध्ये धूळ बसली की फरकच वाढतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणून आधी मंदपणा येतो.

वीज तोडून आम्ही पेट्या उघडल्या. धुळीचा चक्क नमदा निघाला. रंगाचा कोरडा ब्रश आणि सायकलचा पंप एवढी हत्यारे पुरली. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडते. हीट सिंकखालची पेस्ट वाळून तडकली होती. फटीत शिरलेली हवा धातूपेक्षा हजारो पटींनी मंदवाहक असते. जुनी पेस्ट पुसून नवी, मोहरीएवढी, लावली. वीजपुरवठ्याची बंद डबी मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरू शकतो.

दुसऱ्या तीन यंत्रांना वेळकाळ नव्हता. ब्राउझर उघडला की दिवा अखंड पेटे आणि माउस अडखळे. इथे रॅम अपुरी होती. रॅम भरली की संगणक काही मजकूर हार्ड डिस्कवर ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. रॅममधून मजकूर मिळायला सुमारे 100 नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरून सुमारे 10 मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. फळ्यावर पाहायला एक सेकंद लागत असेल, तर तीच गोष्ट शोधायला जवळजवळ 28 तास! विषाणू असल्याचा संशय सगळ्यांना होता, पण टास्क मॅनेजरने रॅमच भरलेली दाखवली. आपोआप सुरू होणारे कार्यक्रम बंद केले. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि अशी जुनी यंत्रे विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, म्हणून दोन यंत्रांवर हलकी लिनक्स घातली.

आठव्या यंत्राची डिस्क टिकटिक करत होती. असा आवाज आला की दुरुस्तीच्या आधी नक्कल. त्यावर शाळेचे जुने निकाल होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. पेन ड्राइव्हवर बहुतेक उतरले, दोन वर्षांचे गेले. त्या यंत्राची रॅम एका मंद यंत्राच्या खाचेत नेमकी बसली, आणि त्याची उघडी पेटी आता विज्ञानाच्या टेबलावर आहे.