वायपर आणि पहिला पाऊस

सिकंदराबादेचा उन्हाळा कडक असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, आणि उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारीची पुढची काच तव्यासारखी तापते. त्या काचेला टेकून असलेली वायपरची रबरी पट्टी आठवडेच्या आठवडे ती धग सोसते. रबर ताठरते, त्याची धार चिरते. परंतु पाऊसच नसल्यामुळे वायपर चालवून पाहण्याचे कोणास सुचत नाही. मग जूनमधील एखाद्या सायंकाळी आभाळ फुटते, चालक वायपर सुरू करतो, आणि काच स्वच्छ होण्याऐवजी तिच्यावर पाण्याचे पट्टे ओढले जातात. समोरून येणाऱ्या लॉरीचे दोन दिवे त्या पट्ट्यांत फुटून दहा दिसू लागतात. वायपर पावसात झिजतो हा समज अर्धाच खरा आहे. त्याचा घात बहुधा उन्हाळाच करतो.

आणि येथील पाऊस काही नेहमी सौम्य नसतो. २४ ऑगस्ट २००० रोजी शहरात एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस कोसळला होता. १८५० साली पूर्ण झालेल्या आणि २००८ मध्ये बॅसिलिकेचा मान मिळालेल्या येथील सेंट मेरीज चर्चचा, म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण १५ ऑगस्टला, ऐन पावसाळ्यात येतो. अशा दिवशी मुलाबाळांसह अंधारात घरी परतणाऱ्या कुटुंबाची भिस्त त्या बोटभर रुंद रबरावर असते. मोटारीत संत ख्रिस्तोफरचे पदक लावण्याची चाल चांगलीच आहे. पण काच पुसण्याचे काम त्या संताकडे सोपवणे बरे नव्हे!

ही युक्ती आरंभीच्या काळात एका स्त्रीच्या नावावर नोंदली गेली, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेतील अलाबामा प्रांतातल्या मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये तिचे पेटंट मिळाले. त्यांचा वायपर गाडीच्या आतून, हाताने दांडा फिरवून चालवावयाचा होता. आज तो विजेवर चालतो, तरी पुसणारी वस्तू रबरच.

मे महिना सरण्यापूर्वी एकदा परीक्षा घ्यावी. कोरड्या काचेवर वायपर मुळीच चालवू नये. धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. काच साबणाच्या पाण्याने धुवावी, रबराची धार ओल्या फडक्याने पुसावी, आणि मग तांब्याभर पाणी ओतून वायपर सुरू करावा. पुष्कळदा काचेवरील तेलकट थर गेला की थरथर आणि कुरकुर थांबते. धार फाटलेली वा कडक झालेली दिसली, तर मात्र ब्लेड बदलावे.

जुन्या ब्लेडची लांबी इंचांत मोजून घ्यावी. दोन्ही बाजूंची ब्लेडे सारखी असतीलच असे नाही. राणीगंजातील सुट्या भागांच्या बाजारात जाताना जुने ब्लेड सोबत नेणे उत्तम. बदलताना दांडा काचेपासून उचलावा आणि काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवावा. ही गोष्ट कोणी टाळू नये, कारण दांड्यातील स्प्रिंग जबर असते. ब्लेड काढलेला उघडा दांडा हातून सुटून आपटला, तर चार पैशांच्या रबरापायी सबंध काच तडकते. पुष्कळ मोटारींत दांड्याचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. तेथे ब्लेड आडवे करून मधली खटकी दाबावी व ब्लेड दांड्याच्या बुडाकडे सरकवावे. ते आकड्यातून निसटते. नवे उलट्या दिशेने, ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत ओढून बसवावे आणि दांडा हळूच खाली टेकवावा.

मोटरचा आवाज येतो पण दांडा हलत नाही, असे झाल्यास दांड्याच्या बुडाशी, टोपणाखाली असलेला नट सैल झाला आहे का ते पाहावे. पान्याने आवळता येतो. आवाजच नसेल, तर आधी फ्यूज तपासावा. त्यापुढील बिघाड मिस्त्रीकडे न्यावा. पाण्याची फवारणी नीट होत नसेल, तर बहुधा तिच्या छिद्रात धूळ बसलेली असते. ती बारीक सुईने काढता येते, आणि हे काम घरातील मुलेही हौसेने करतात.