ससा : गैरसमजांपलीकडचा प्राणी

भारतीय कथासाहित्यात सशाला जितका मान मिळाला, तितकीच त्याची थट्टाही झाली. शशजातकातील ससा दारी आलेल्या याचकासाठी स्वतःचा देह अग्नीत अर्पण करण्यास सिद्ध होतो आणि त्याच्या दातृत्वाची खूण म्हणून शक्र चंद्रबिंबावर त्याची आकृती रेखाटतो. त्याच संग्रहातील दद्दभ जातकात मात्र वेगळाच ससा भेटतो. ताडाच्या पानावर बेलफळ पडल्याचा आवाज ऐकून ‘पृथ्वी दुभंगली’ असे समजून तो धावत सुटतो आणि सारे रान त्याच्यामागे पळू लागते. मराठी मुलांना परिचित असलेला ‘आभाळ पडले, पळा पळा’ म्हणणारा ससा हे याच कथेचे रूप मानता येईल. लोकांच्या मनात हा दुसरा ससाच अधिक घट्ट बसला. परंतु जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले असता सशाविषयीच्या आपल्या बहुतेक कल्पना चुकीच्या ठरतात, आणि त्यांतील काही कल्पना त्याच्या जिवावर बेततात.

पहिला घोटाळा नावापासूनच सुरू होतो. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरतो. पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा मूळचा नैऋत्य युरोपातील. तो बिळे खोदून समूहाने राहणाऱ्या रानटी सशापासून माणसाने घडविलेला आहे. आपल्या माळरानावर, शेताच्या बांधावर दिसणारा तपकिरी ससा म्हणजे भारतीय ससा. त्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस. मानेवरील काळ्या पट्ट्यामुळे त्याला ‘काळ्या मानेचा’ या अर्थाचे हे नाव पडले. तो बीळ खोदत नाही; गवतातील उथळ खळग्यात बहुधा एकटाच दबून बसतो. पाळीव सशाच्या पेशींत ४४ गुणसूत्रे असतात, तर रानसशाच्या पेशींत ४८. या दोघांचा संकर होत नाही.

या दोघांमधील सर्वांत महत्त्वाचा भेद जन्माच्या वेळी दिसतो. पाळीव सशीण सुमारे ३० ते ३१ दिवसांत विते. पिल्ले उघडी, डोळे मिटलेली आणि असहाय असतात. आई स्वतःच्या अंगावरचे केस उपटून त्यांच्यासाठी ऊबदार बिछाना करते. रानसशाचा गर्भकाळ सुमारे सहा आठवड्यांचा. त्याचे पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मते व थोड्याच वेळात हालचाल करू लागते. त्याची आई त्याच्याजवळ बसून राहत नाही. दिवसातून साधारण एकदा, तेही अंधार पडल्यावर, ती येते, काही मिनिटांत दूध पाजते आणि निघून जाते. हा निष्काळजीपणा नव्हे. आईची वारंवार ये-जा आणि तिचा गंध यांमुळे कोल्ह्याला, मुंगसाला पिल्लाचा ठाव लागेल. म्हणून दूर राहणे हेच तिचे रक्षण करणे आहे. दूध मात्र इतके सकस असते की एकदा पाजलेले दिवसभर पुरते.

सुगीच्या दिवसांत पीक कापताना असे एकटे पिल्लू दिसले की मुले कळवळतात. ‘बिचाऱ्याला आई नाही’ असे समजून त्याला घरी आणतात आणि गाईचे दूध पाजतात. ते दूध त्याला मानवत नाही, माणसाच्या हाताळण्याने ते भेदरते आणि बहुधा काही दिवसांतच मरते. रात्री आई येते, तेव्हा खळगा रिकामा असतो. म्हणून पिल्लू धडधाकट असेल तर त्याला जागेवरच राहू द्यावे. कुत्र्याचा किंवा कापणीयंत्राचा धोका असेल तर उचलून जवळच्याच गवताच्या आडोशाला ठेवावे. जखमी असेल तर वन विभागाला कळवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रानससा पकडून ठेवणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानी असावे.

सशाला अनेक जण उंदराचा भाऊबंद मानतात. शास्त्रज्ञही पूर्वी त्याची गणना कुरतडणाऱ्या प्राण्यांतच करीत. परंतु सशाच्या वरच्या जबड्यात पटाशीच्या मोठ्या दातांमागे लहान दातांची आणखी एक जोडी दडलेली असते. उंदरांत ती नसते. अशा भेदांमुळे १९१२ मध्ये सशांचा स्वतंत्र गण मानण्यात आला. त्यांचे दात, दाढांसह, आयुष्यभर वाढत राहतात. त्यांची झीज होण्यासाठी गवत सतत चघळावे लागते. चित्रांतला ससा गाजर खात असला तरी त्याचे खरे अन्न गवतच. गाजरात साखर अधिक असल्याने ते थोडेच द्यावे. शिवाय सशाला ओकारी काढता येत नाही. फवारणी केलेला पाला पोटात गेला तर तो बाहेर टाकण्याचा मार्ग त्याच्याजवळ नाही.

गवत पचविणे कठीण. गाय त्यासाठी रवंथ करते. सशाने वेगळी युक्ती योजली आहे. तो दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या, गोल लेंड्या आपल्याला दिसतात. दुसऱ्या मऊ, ओलसर असतात व त्या तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. आतड्यातील सूक्ष्मजीवांनी तयार केलेली प्रथिने आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे त्यांतून त्याला मिळतात. हा घाणेरडेपणा नसून पचनाचा दुसरा टप्पा आहे. तो रोखला तर ससा कुपोषित होतो.

आता भित्रेपणाविषयी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या डोळ्यांमुळे सशाला मान न वळवता जवळजवळ सभोवार दिसते. नाकासमोरचा लहानसा भाग तेवढा दिसत नाही. कान आवाजाची दिशा टिपतात आणि शरीरातील उष्णताही बाहेर टाकतात. सांगाडा अतिशय हलका, शरीराच्या वजनाच्या जेमतेम ८ टक्के. ही सारी रचना वेळीच धोका ओळखून निसटण्यासाठी आहे. त्याच रानसशांमध्ये, युरोपात, मागे लागलेल्या नराला मादी मागच्या पायांवर उभी राहून पुढच्या पायांनी ठोसे लगावते. ज्याला आपण भित्रेपणा म्हणतो, ती सावधानता आहे. पाळीव सशाला उताणे केले की तो निश्चल पडतो. पाहणाऱ्याला तो शांत झाल्यासारखा वाटतो. वास्तविक ती शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या प्राण्याची भीतीने गोठलेली अवस्था असते. कान धरून उचलणे तर क्रौर्यच. अशा वेळी त्याने जोराने लाथ झाडली तर त्याचाच नाजूक कणा मोडू शकतो. छातीखाली एक आणि मागच्या पायांखाली एक असे दोन्ही हात देऊनच त्याला उचलावे.

सशाचे एक ऋणही स्मरणात ठेवण्याजोगे आहे. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचण्यास प्रारंभ केला आणि तो वाचला. ती लस रेबीजने मेलेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून तयार केली होती. शशजातकातील सशाने देह स्वेच्छेने देऊ केला होता. प्रयोगशाळेतील सशांना कोणी विचारले नव्हते. त्यांच्या मृत्यूतून माणसाला जीवदान मिळाले.

या ऋणाची फेड मोठ्या गोष्टींनी होणार नाही. पिंजऱ्यातील सशाला पुरेसे गवत, सावली, पाणी आणि सोबतीला दुसरा ससा मिळावा. माळावरच्या पिल्लाला त्याच्या आईसाठी तिथेच राहू द्यावे. एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला आजपासून करता येईल.