ड्राइव्ह, मोटर आणि अर्थिंगची तार



गेल्या महिन्यात माहीमला मेहुण्यांकडे मुक्काम होता. त्यांच्या सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला नवा ड्राइव्ह बसवला आहे. पंपाला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी वॉचमनची तक्रार. वायरमनने सप्लाय बंद करून पेटी उघडली, तर मोटरीची अर्थिंगची तार सोडून बाजूला गुंडाळून ठेवलेली! ड्राइव्ह सुरू केला की ईएलसीबी पडायचा, म्हणून कोणीतरी केलेला हा इलाज. तिथे कोरडी फरशी आणि पायात चप्पल, म्हणून निभावले. माहीमला वीज बेस्टची, आपल्याकडे महावितरणची. पण करंट तोच. आणि आपण दारे धरतो ती अनवाणी, चिखलात.

आपल्या भागातही विहिरींवर आता ड्राइव्ह दिसू लागले आहेत. ड्राइव्ह येणारी वीज आधी डीसी करतो आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हव्या त्या हर्ट्झची वीज मोटरीला देतो. मोटर सावकाश उचलते, पाइपाला दणका बसत नाही. पंपाचा वेग 80 टक्क्यांवर आणला तर ताकद जवळपास निम्मी लागते. (पाणी फार उंच चढवायचे असेल तिथे मात्र एवढा फायदा धरू नका.)

पण या चालू-बंदमुळेच थोडा करंट केबलमधून व मोटरीच्या अंगातून अर्थिंगकडे जातो. मोटर चांगली असली तरी जातो. त्याला परतीची तार हवी. ती तोडली, की तो मोटरीच्या बॉडीवर चढतो आणि हात लावणाऱ्या माणसातून वाट काढतो. ईएलसीबी पडत असेल तर ड्राइव्हच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचा बसवा. तार तोडू नका. माहीमला शेवटी तेच केले.

मोटरीची अर्थिंग तार फेजच्या केबलबरोबरच ड्राइव्हच्या पीई टर्मिनलला आणा, तिथून खड्ड्याला न्या. न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे, आणि विहिरीचा पाइपही नव्हे. 1956 च्या वीज नियमांत मोटरीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग सांगितली होती. आजचे नियमही तेच सांगतात. अर्थिंगचा पाइप किमान अडीच मीटर लांबीचा लागतो. हातभर सळई ठोकून भागत नाही. मुरमाड रानात उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा.

सप्लाय आर-एस-टीला, मोटर यू-व्ही-डब्ल्यूला. उलटे जोडले की ड्राइव्ह गेलाच समजा. जुना स्टार-डेल्टा स्टार्टर मध्ये ठेवू नका. मोटरीला लावलेला कपॅसिटर तर आठवणीने काढा; तो राहिल्यामुळेही ड्राइव्ह जळतात, आणि दोष मात्र कंपनीला जातो.

लाईट गेली म्हणून लगेच पेटीत हात घालू नका. 415 व्होल्टच्या लाइनीवर ड्राइव्हच्या आत सुमारे 590 व्होल्ट डीसी साठलेला असतो. लेबलवर लिहिली असतील तेवढी मिनिटे थांबा, मग मीटर लावून खात्री करा.

2024 पासूनच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत ज्यांनी एसी पंप घेतला, त्यांचा कंट्रोलरही मुळात ड्राइव्हच आहे. तिथे एक जास्तीची गोष्ट: खटका पाडला तरी दिवसा पॅनेलकडच्या तारा जिवंतच असतात. ती पेटी कंपनीच्या माणसालाच उघडू द्या.

— ऊस विकास अधिकारी