इंजिनाची खडखड, मेकॅनिकचे कान

घाट चढताना गाडी वरच्या गिअरमध्येच रेटली, की कधी कधी बॉनेटखालून एक आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. आपण गिअर उतरवतो, आवाज थांबतो आणि विषय संपतो. पिस्टनचे साधे इंजिन एवढा त्रास सहसा सोसून घेते. टर्बो लावलेल्या रोटरी इंजिनाला मात्र जोराचा एखादा ठोकाही महागात पडू शकतो. म्हणूनच ते ट्यून करणारा माणूस डोळ्यांइतकाच कानांवर अवलंबून असतो.

आधी हा आवाज कशाचा ते पाहू. इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी पडते. तिथून ज्वाला पसरत जाते आणि मिश्रण क्रमाने जळते. पण दाब आणि तापमान फार वाढले, तर ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यात उरलेले मिश्रण आपोआप, एकदम पेटते. त्यातून दाबाची लाट उठते आणि धातूच्या भिंतींवर आपटते. तोच नॉकिंगचा आवाज. नेहमीच्या मोटारीच्या सिलिंडरमध्ये त्याची कंपनसंख्या साधारण ६ ते ७ हजार हर्ट्‌झ असते. सिलिंडर जितका रुंद, तितका हा स्वर खालचा.

रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे असे पहिले इंजिन १९५७ मध्ये एनएसयू कंपनीत चालले. मध्ये किंचित चिमटलेल्या लंबगोल घरात तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो. प्रत्येक कोपऱ्यात ‘एपेक्स सील’ नावाची धातूची बारीक पट्टी असते. ती स्प्रिंगच्या आणि वायूच्या दाबाने भिंतीला चिकटून सरकते आणि एका कप्प्यातला वायू दुसऱ्यात जाऊ देत नाही. १९६७ मध्ये जपानच्या माझदा कंपनीने ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही रोटरी मोटार बाजारात आणली. पुढे ‘आरएक्स-७’ गाजली आणि १९९१ मध्ये चार रोटरच्या ‘७८७बी’ने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीतल्या टर्बो इंजिनात दोन रोटर, म्हणजे सहा एपेक्स सील. प्रत्येकाची जाडी अवघी २ मिलिमीटर. रोटरी इंजिनात तापलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतात, ही जमेची बाजू. पण ज्वलनाची जागा लांबट आणि अरुंद असते आणि मागच्या टोकाचे मिश्रण उशिरापर्यंत न जळता राहते. एका रोटरसाठी दोन स्पार्क प्लग असतात ते त्यामुळेच. टर्बोने जादा हवा कोंबली आणि नॉकिंग झाले, की दाबाचा फटका त्या पातळ पट्टीवर बसतो. ती तडकली की तिचा तुकडा घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडे काढतो आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडताना टर्बोची पातीही मोडू शकतो. त्यानंतर संपूर्ण इंजिन उघडण्यावाचून इलाज नसतो.

मग सेन्सर का नाही लावत? लावतात. कंप जाणवला की सूक्ष्म विद्युतदाब निर्माण करणारा स्फटिक त्यात असतो. पण त्याला नॉकिंग आणि इतर खडखड यांतला फरक आपोआप कळत नाही. रोटरी इंजिनाचा स्वतःचाच गोंगाट मोठा. त्यात हवा-धुराच्या वाटा रुंद केल्या, एक्झॉस्ट बदलला, की मूळ कारखान्यात ठरवलेली मर्यादा निरुपयोगी होते. कुठला आवाज निरुपद्रवी आणि कुठला घातक, हे कोणीतरी ऐकून ठरवावे लागते.

त्यासाठीचे साधन अगदी साधे आहे. तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून इंजिनाला बोल्टने बसवायचे, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि तिच्या शेवटी कान झाकणारे इअर मफ. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच म्हणा ना! आता माइक आणि हेडफोनची साधनेही मिळतात. गाडी डायनोवर चढवतात. सुरुवात सावधपणे होते: टर्बोचा दाब कमी, पेट्रोल थोडे जास्त, ठिणगी उशिरा. मग एकेक पायरी भार वाढवायचा. ठोका ऐकू आला की त्याच क्षणी ॲक्सिलरेटर सोडायचा आणि ठिणगी आणखी उशिरा करायची, दाब उतरवायचा किंवा जास्त ऑक्टेनचे इंधन भरायचे.

आता प्रश्न आरोग्याचा. नॉकिंगची किंमत माणसाने याआधीही मोजली आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले की नॉकिंग थांबते. त्यानंतर कित्येक दशके ते शिसे धुरातून हवेत गेले आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, जगातून ते हटायला २०२१ उजाडले.

ट्यूनिंग करणाऱ्यापुढचा धोका वेगळा आहे. सततच्या मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या शंखाकृती भागातल्या सूक्ष्म केसपेशी मरतात आणि त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. हे नुकसान सहसा ३ ते ६ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात सुरू होते. म्हणजे नॉकिंगचा स्वर असतो त्याच्या अगदी आसपास! जो ठोका पकडण्यासाठी माणूस गोंगाटात उभा राहतो, तो ऐकण्याची शक्तीच तो गोंगाट आधी हिरावून घेतो. बोलणे ऐकू येत राहते, त्यामुळे फरक लवकर लक्षातही येत नाही.

अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंतच ऐकावा. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे. बंद खोलीत डायनोवर पूर्ण भाराने धावणारे इंजिन ही मर्यादा सहज ओलांडते.

तेव्हा हे काम करणाऱ्यांनी, आणि कुठल्याही गॅरेजमध्ये दिवस काढणाऱ्यांनी, काही गोष्टी पाळाव्यात. इंजिन गर्जत असताना कान उघडे ठेवू नयेत. हेडफोनचा आवाज गरजेपुरताच ठेवावा. एकच माणूस सलग तासन्‌तास ऐकत बसू नये. कानात शिट्टी वाजल्यासारखे होत असेल, ‘स’ आणि ‘श’ नीट कळत नसतील किंवा घरचे ‘टीव्ही हळू करा’ म्हणत असतील, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्यावी. तपासणी अर्ध्या तासाची असते आणि दुखत नाही. तुटलेले एपेक्स सील पैसे खर्च करून बदलता येते. कानातल्या केसपेशींचा सुटा भाग मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.