बेण्याची काळजी घेतो, आईची का नाही?



बेण्याविषयी आम्ही नेहमीच सांगत असतो. नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणेमळ्यातलेच बेणे घ्या, बेणेप्रक्रियेशिवाय कांडी जमिनीत घालू नका. कारण गवताळ वाढीसारखा रोग बेण्यातून येतो. मागाहून कितीही खत-पाणी द्या, ते बेट काही सुधारत नाही. हे आता सर्वांना पटले आहे. पण उसाच्या बाबतीत कळते ते घरातल्या लेकराच्या बाबतीत आपण विसरतो. मूल आजारी पडले की धावपळ करतो. आजाराचे मूळ मात्र पुष्कळदा आईच्या नऊ महिन्यांतच असते.

आईच्या अंगात रक्त कमी असले तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. अडीच किलोच्या आतल्या बाळाला जंतुदोष, जुलाब, न्यूमोनिया लवकर गाठतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच उपकेंद्रात नाव नोंदवावे. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, अशी १८० दिवस घ्यावी. बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. शौचास काळे होते म्हणून बायका गोळ्या बंद करतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. फक्त गोळी चहाबरोबर घेऊ नये. धनुर्वाताची लसही चुकवू नये.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. थोरल्याच्या वेळी वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून चीक पिळून टाकला आणि बाळाला गुळाचे पाणी चाटवले. आठव्या दिवशी जुलाब लागले. पोरगे वाचले, पण त्या दोन रात्री आम्ही विसरलेलो नाही. गोठ्यात वासराला आधी चीक पाजणारे आम्ही, घरात मात्र उलटे वागलो! चीक ही बाळाची पहिली लसच समजा. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजावे. सहा महिने वरचे पाणीसुद्धा देऊ नये. नाळेला राख, हळद काही लावू नये. बाळाला लगेच आंघोळ घालू नये, उबेत ठेवावे. बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.

एवढ्याशा गोष्टींनी काय होते, असे कोणी म्हणेल. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ऊब, अंगावरचे दूध, स्वच्छता आणि वेळीच औषध. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

लसीचे दिवस भिंतीवर लिहून ठेवा : जन्मताच, ६, १० व १४ आठवडे, ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग दीड वर्षाच्या सुमारास. जुलाबात जलसंजीवनी चालू ठेवावी, अंगावर पाजणे थांबवू नये. बाळ पीत नसेल, धाप लागली असेल किंवा अंग गार पडले असेल तर सकाळची वाट पाहू नये.

शेवटी एक विनंती. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्यांत गरवार बायकाही असतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरतात. खाडा पडला की मजुरी बुडते, म्हणून तपासणीला जात नाहीत. तोडणीची घाई आम्हीही करतो. तो दोष आमच्याकडेही येतो. तेव्हा अशा बाईला मोळी वाहू देऊ नका, कोपीवर विहिरीचे स्वच्छ पाणी द्या, तपासणीच्या दिवशी आपल्या गाडीवरून केंद्रात पोचवा. कार्ड गावाकडचे असले तरी लस इथल्या सरकारी केंद्रातही मिळते. मुकादम अडवणूक करत असेल तर गट ऑफिसला कळवा, आम्ही स्वतः येऊ.

आपल्या उसाला तिचे हात लागतात. तिच्या लेकराला आपला थोडा हातभार लागावा, इतकेच.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग